न बघता केलेली सही

"नाही," जयप्रकाश म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की शब्द बाहेर पडून गेल्यावर मग तो त्याला स्वतःला ऐकू आला, शेजारच्या खोलीत दुसरंच कुणीतरी बोलावं तसा. फोनच्या पलीकडे, अमेरिकेत, जुईली होती. तिच्याकडे सकाळचे सात वाजले असतील. इकडे कुवेतच्या मंगाफमध्ये शुक्रवारची दुपार कलत होती, सप्टेंबर संपत आला तरी पडद्याच्या फटीतून येणारं ऊन पांढरंफटक होतं, आणि जेवणाच्या टेबलावर शर्मिला शाळेतल्या वह्या तपासत बसली होती. जुईलीने विचारलं होतं ते एवढंच, "बाबा, तू कधी न बघता सही केलीयस? म्हणजे कामावर. एखादी गोष्ट चेक केली नाहीस, पण पेपरवर लिहिलंस की केली, असं?" आणि तो नाही म्हणाला होता. एकवीस वर्षांच्या आपल्या मुलीला खोटं सांगायला त्याला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. "वाटलंच मला," ती म्हणाली. "तू नाहीच करणार." मग ती रडायला लागली.

रडत रडत, अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत, तिने जे सांगितलं ते त्याने उभ्यानेच ऐकलं. ती अमेरिकेतल्या त्या अवाढव्य विद्यापीठात खेळाडूंच्या दुखापतींचं शास्त्र शिकत होती, आणि तिसऱ्या वर्षापासून फुटबॉलच्या संघाबरोबर मदतनीस म्हणून काम करत होती. गेल्या शनिवारच्या सामन्यात डेरिक नावाच्या मुलाचं डोकं जोरात आपटलं. त्याला बाहेर आणून बसवलं, आणि जुईलीने नेहमीचे प्रश्न विचारले. कुठल्या गावात खेळतोयस, मागचा सामना कुणाशी होता, पाच शब्द सांगते ते परत म्हणून दाखव. पाचांतले त्याला दोनच आठवले. गाव त्याने स्वतःच्या आईचं सांगितलं. ती कागदावर लिहिणार, तेवढ्यात तिची वरिष्ठ, बेथ, मागून आली आणि म्हणाली, हनी, तो थकलाय, एवढंच. कोचला तो हवाय. सगळं बरोबर लिही. जुईलीने सगळं बरोबर लिहिलं आणि खाली सही केली. डेरिक परत मैदानात गेला. अकरा मिनिटांनी तो पडला, कुणाचा धक्का नसताना, उभ्या उभ्या, वाळलेलं झाड पडावं तसा. आता तो दवाखान्यात होता. शुद्धीवर होता, पण डावा हात उचलत नव्हता, आणि आईला दर तासाला विचारत होता की सामना कधी आहे. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली होती. सोमवारी जुईलीला बोलावलं होतं.

"बेथ म्हणते, म्हण की त्याने सगळी उत्तरं दिली. पेपरवर तसंच आहे. ती म्हणते, वी आर फॅमिली."

"मग तसंच म्हण," जयप्रकाश म्हणाला. "हे बघ, तू तिथे परकी आहेस. शेवटचं वर्ष आहे. वरच्याने सांगितलं, तू लिहिलंस. कागद आहे ना? कागद काय सांगतो तेच तू सांगायचं."

"कागद म्हणजे मीच ना, बाबा," जुईली म्हणाली. "ती सही माझी आहे."

तिने फोन ठेवला तेव्हा शर्मिलाने लाल पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिला सगळं सांगितलं, जुईलीचं सगळं. स्वतःचं 'नाही' तेवढं सांगितलं नाही.

त्या फुटबॉलचं ह्या घरात आधी हसू झालं होतं, मग कौतुक. पहिल्या वर्षी जुईलीने फोटो पाठवले तेव्हा शर्मिला म्हणाली होती, हे फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात घेऊन पळायचं, ही कुठली तऱ्हा! संघाचं चिन्ह म्हणून निवडलेला पक्षी बगळा होता. ह्यांना जगात दुसरा पक्षी मिळाला नाही का, म्हणून मायलेकी फोनवर खूप हसल्या होत्या. पण हळूहळू तो बगळा घरात शिरला. जांभळी टोपी आली, जांभळा स्वेटशर्ट आला, जो कुवेतमध्ये घालायचा म्हटलं तर जानेवारीतले पंधरा दिवस. जुईली सांगायची, शनिवारी अख्खं गाव जांभळं होतं बाबा, न्हावीसुद्धा जांभळा एप्रन घालतो, नव्वद हजार माणसं एका वेळी उठतात तेव्हा पायाखाली थरथर होते. कोचच्या नावाचं सँडविच मिळतं. कोच म्हणतो, आधी संघ, मग तू. जयप्रकाशला ते वाक्य आवडलं होतं. ती टोपी घालून तो जवळच्या फहाहीलच्या किनाऱ्यावर फिरायला जायचा. एकदा एका धिप्पाड अमेरिकनाने, इराकमधल्या युद्धाच्या कंत्राटावर आलेला असावा, टोपी बघून लांबूनच मूठ उंच केली आणि संघाची आरोळी ठोकली, आणि जयप्रकाश गायधनी ह्या नाशिकच्या पंचवटीतल्या माणसाने, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याला मूठ उंचावून उत्तर दिलं होतं. घरी येईपर्यंत तो स्वतःशीच हसत होता. आपण कशाचे तरी आहोत, ही भावना परदेशात माणसाला किती स्वस्तात मिळते आणि किती गोड लागते!

आणि बेथ. पहिल्या हिवाळ्यात जुईलीला घरची आठवण येऊन ताप भरला होता, तेव्हा ह्याच बेथने तिला स्वतःच्या घरी नेऊन चार दिवस ठेवलं होतं. सूप करून पाजलं होतं. शर्मिलाने तिला पत्र लिहिलं होतं, तुम्ही माझ्या मुलीची आई झालात. आता त्या बाईविरुद्ध उभं राहायचं, असं आपण कुठल्या तोंडाने सांगायचं? जयप्रकाश सोफ्यावर पडून राहिला. उपकाराला हात असतात हे त्याला ठाऊक होतं. ते आधी डोक्यावरून फिरतात, आणि मग कधीतरी, अगदी हळुवारपणे, मान धरतात.

त्याच्या मानेवरचा हात सुरेश कर्णिकांचा होता. नव्वद साली इराकी रणगाडे आले आणि बसमधून, ट्रकमधून, मिळेल त्यातून सगळे जॉर्डनच्या दिशेने निघाले, तेव्हा सीमेवरच्या त्या वाळवंटातल्या छावणीत सात वर्षांच्या जुईलीला जुलाब लागले होते. पाण्याच्या टँकरभोवती माणसं एकमेकांना तुडवत होती. जयप्रकाश दोनदा आत घुसला आणि दोनदा बाहेर फेकला गेला. सुरेश कर्णिक, त्याचे कंपनीतले साहेब, पन्नाशीचा पोट सुटलेला माणूस, शर्ट फाडून घेऊन आत घुसले आणि एक कॅन भरून घेऊन आले. मग दोन रात्री जुईलीला खांद्यावर टाकून तंबूभोवती येरझाऱ्या घालत राहिले, कारण शर्मिलाला स्वतःलाच उभं राहवत नव्हतं. युद्ध संपलं, जयप्रकाश नाशिकला आठ महिने रिकामा बसला, आणि एक दिवस कर्णिकांचा फोन आला, ये, तुझा व्हिसा काढलाय. त्या माणसाला नाही म्हणता येतं हे जयप्रकाशला कधी सुचलंच नाही. एप्रिल त्र्याण्णवमध्येही सुचलं नाही.

मीना अब्दुल्ला ह्या तेलकारखान्यांच्या भागात, त्यांच्या छोट्या कंत्राटदार कंपनीकडे तेलाच्या एका जुन्या टाकीच्या सफाईचं काम होतं. टाकीत माणूस उतरण्याआधी मॅनहोलपाशी मीटर धरून आतला वायू मोजायचा, आकडा परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, लिहायचा, आणि सही करायची, ही जयप्रकाशची जबाबदारी. सकाळी सहाला मोजला तेव्हा काही नव्हतं. जेवणानंतर माणसं परत उतरणार होती, तेव्हा पुन्हा मोजायला हवा होता. बाहेर धुळीचं वादळ होतं. केबिनमध्ये कर्णिक म्हणाले, अरे सकाळीच शून्य होता ना, लिही शून्य, आज टाकी द्यायचीय. त्याने लिहिलं, शून्य. वायूची भीती नाही म्हणून मास्कची गरज नाही, अशा रकान्यातही खूण केली. दहा मिनिटांनी त्यांचा कामगार मुझफ्फर आत उतरला. गाळ ढवळला, त्याखालून वायू सुटला. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याचा. पण जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं आता हवा चांगली झाली. मुझफ्फरला दोरीने वर ओढला तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. श्रीवर्धनचा, तिशीचा, काम करताना गुणगुणणारा माणूस. वाचला. पण चाळीस दिवसांनी दवाखान्यातून आला तो थरथरत्या हातांचा, आणि तो आठवडा डोक्यातून पुसलेला. तोवर कर्णिकांनी परमिट फाडून नवं केलं होतं. त्यात लिहिलं होतं, मास्क सक्तीचा, दिलेला होता, कामगाराने आत उतरल्यावर स्वतः काढला. खाली जयप्रकाशची सही. ही दुसरी सही त्याने नीट वाचून केली होती. कर्णिक तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचे खांदे, जुईलीने डोकं टेकलेले ते खांदे, एकदम म्हाताऱ्या माणसाचे दिसत होते.

मुझफ्फरची नोकरी गेली. त्याचा मेहुणा मजीद ह्याचा फहाहीलच्या मागच्या गल्लीत बकाला होता, किराण्याचं दुकान; त्याने त्याला ठेवून घेतलं. मुझफ्फरची बायको अमिरुन्निसा शिवणकामाच्या व्हिसावर आली. हे सगळं जयप्रकाशला माहीत होतं. अकरा वर्षं तो त्या गल्लीतून गेला नव्हता. एवढ्याशा फहाहीलमध्ये एक गल्ली टाळून जगायचं म्हणजे किती वळणं घ्यावी लागतात, ह्याचा हिशोब फक्त त्याच्या पायांना होता.

शनिवारी तो कामावर गेला. त्याची कंपनी आता दुसरी होती, मोठी, जिथे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती निघत. सकाळपासून सह्या करताना त्याला आपल्या सहीची लांबलचक शेपटी दिसत राहिली. ज चा वळसा, मग एक सरळ ओढ, खाली दोन टिंबं. कॉलेजात असताना आरशासमोर बसून बसवलेली सही. जुईलीची कशी असेल? त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. एका परक्या गावात, नव्वद हजार माणसांच्या गर्जनेत, गुडघ्यावर पाटी टेकवून ती घाईने सही करतेय, आणि समोर बसलेला मुलगा तिच्याकडे विश्वासाने बघतोय, कारण त्याला तिचं नाव तेवढं आठवतंय. वाटलंच मला, ती म्हणाली होती. तू नाहीच करणार. तिच्या लहानपणी ती शाळेच्या वहीवर बापाची सही घ्यायला यायची तेव्हा तो प्रत्येक पान वाचून सही करायचा. तिला तेच आठवत असणार. ती आता एकटी पडली होती. तिच्या ओळखीच्या जगात न बघता सही करणारी ती एकटीच होती. हे एकटेपण तिला आपण दिलं, कालच्या एका शब्दाने. हे मनात आलं तसं त्याला खुर्चीत बसवेना.

संध्याकाळी पाचला त्याने गाडी फहाहीलला मागच्या गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चालत गेला. दुकान त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. दाराशी पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, आत साबणाचा आणि जिऱ्याचा वास. गल्ल्यावर कुणी नव्हतं. आतल्या बाजूला स्टुलावर बसून मुझफ्फर पिशव्या उघडून एकात एक ठेवत होता. केस पांढरे झाले होते. हात थरथरत होते, पण तो घाई करत नव्हता; थरथर संपेपर्यंत थांबायचा आणि मग पुढची पिशवी उचलायचा.

"मुझफ्फर, ओळखलंस?"

मुझफ्फरने मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. "गायधनी साहेब! अरे, बसा, बसा. अमिरुन, बघ कोण आलाय. आमचे साहेब हायत, कंपनीतले." मागच्या पडद्याआडून मशीनचा आवाज थांबला आणि अमिरुन्निसा गळ्यातली टेप सावरत बाहेर आली. मुझफ्फर उठून उभा राहिला होता, आणि जयप्रकाशने काही बोलण्याआधीच, जणू ते बोलणं त्याच्या अंगावर कित्येक वर्षं राहून गेलं होतं तसं, म्हणाला, "साहेब, तुमची माफी मागायची ऱ्हायली. माझ्यामुलं तुमाला लय तरास झाला तवा. मी मास्क काढला नसता तर काय झाला नसता. मना आठवत नाय, पण कागदावर हाय ना. आता दुकानात पोरं येतात, नवी, कामावरची. मी त्यांना सांगतो, बाबांनो, माझ्याकडं बघा नि मास्क काढू नका."

"किती सांगितला असेल ह्यांना," अमिरुन्निसा म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, झिजून झिजून गुळगुळीत झालेली तक्रार होती. "घरात न्हान पोर हाय, जीव सांभाळून ऱ्हावा. पर हे पयल्यापासून असेच, बेफिकीर."

जयप्रकाशने बाटल्यांच्या गठ्ठ्यावर हात टेकला. येताना त्याने वाक्यं जुळवून आणली होती. त्यांत परिस्थिती होती, धुळीचं वादळ होतं, कर्णिकांचं नाव होतं. ती सगळी वाक्यं त्या माफीपुढे विरघळून गेली.

"तू मास्क काढला नव्हतास," तो म्हणाला. "तुला मास्क दिलाच नव्हता."

अमिरुन्निसाने गळ्यातली टेप ओढून काढली.

"जेवणानंतर मी हवा मोजायला हवी होती. मी मोजली नाही. केबिनमध्ये बसून शून्य लिहिलं, मास्क नको असं लिहिलं, म्हणून तू तसाच उतरलास. नंतर तो कागद फाडला आणि दुसरा केला. तू मास्क काढलास असं त्यात लिहिलं. त्याच्यावरही सही माझीच. मला माहीत होतं ते खोटं आहे."

मुझफ्फर स्टुलावर बसला. त्याच्या हातातली पिशवी थरथरून बारीक वाजत राहिली. तो जयप्रकाशकडे बघत नव्हता, बायकोकडेही नाही. तो समोरच्या फळीवरच्या दुधाच्या डब्यांकडे बघत होता, जणू त्या आठवड्याची हरवलेली एखादी कड तिथे दिसेल. "म्हंजे मी नाय," तो म्हणाला. मग पुन्हा, प्रश्नासारखं, "मी नाय?"

"नाही."

अमिरुन्निसाने तोंडावर पदर घेतला. ती ओरडेल, हाकलून देईल, निदान शिव्या देईल असं जयप्रकाशला वाटलं होतं, आणि त्याने ते सोसायची तयारी केली होती. ती त्याच्याकडे वळलीच नाही. ती नवऱ्याजवळ जाऊन खाली फरशीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अकरा वरसं बोलत आले मी तुमाला. रिदाचे अब्बा, अकरा वरसं." मुझफ्फर तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला, हात थरथरत तिच्या कपाळाला, कानाला लागत राहिला. एक गिऱ्हाईक दारात आलं, आत बघून परत गेलं. शेवटी अमिरुन्निसाच म्हणाली, जमिनीकडे बघत, "साहेब, तुमी आता जावा. तुमाला माफ करायचा का नाय, ते आज मना कळत नाय. पर शुक्रवारी या. ह्याच टायमाला आमी रिदाला फोन करतो. श्रीवर्धनला आजीकडं हाय ती, अठरा वरसांची झाली. तिला मीच सांगितलाय, बापाच्या चुकीमुलं झाला म्हणून. आता ते तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

घरी येऊन त्याने शर्मिलाला सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, आणि म्हणाली, "त्या वर्षी तुम्ही अंडं सोडलंत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणालात. मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, मी कशाला सांगू?" जयप्रकाश म्हणाला, "मग मला का नाही विचारलंस?" "भीती वाटली," शर्मिला म्हणाली. "जे असेल ते ऐकून मला इथे राहावंसं वाटलं नसतं. आणि जायचं कुठे होतं?" तिने त्याला जवळ घेतलं नाही की दूरही केलं नाही. दोघांची ताटं वाढली, आणि जेवताना फक्त एकदा म्हणाली, "जुईलीला उद्या फोन करा. तिच्या सोमवारच्या आत."

रविवारी कामावरून आल्याआल्या त्याने फोन लावला. तिकडे सकाळ होती. आदल्या दिवशी बगळे जिंकले होते, जुईली म्हणाली; कोच मैदानात आला तेव्हा सगळे उभे राहिले, त्याच्यासाठी, जणू दवाखान्यात तोच आहे. ती स्टेडियमवर गेली नव्हती, खोलीत बसून गर्जना ऐकत होती. जयप्रकाशने तिला थांबवलं आणि सांगितलं. टाकी, शून्य, दुसरा कागद, कर्णिक काका, मुझफ्फर. कालचं दुकानही. मध्येच ती म्हणाली, "कर्णिक काका? ज्यांनी मला..." "हो," तो म्हणाला, "तेच."

"शुक्रवारी तू मला नाही म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"इतकं सहज."

"हो गं. अकरा वर्षं सवय केली की सहज येतं. मी तुला सांगितलं ना, कागद काय सांगतो ते सांग. तू ते ऐकू नकोस. बाकी काय करायचं ते मला तुला सांगता येत नाही. माझा तो अधिकार नाही."

"बेथचं काय, बाबा? शी वॉज सो गुड टु मी."

"होती ना. कर्णिकही होते. ते खोटं नाही. ते पाणी त्यांनी खरंच आणलं होतं." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू बेथबद्दल वाईट बोलू नकोस. जे झालं ते सांग. चांगुलपणा चांगुलपणाच्या जागी राहू दे."

जुईली बाय न म्हणता फोन ठेवणारी मुलगी नव्हती. त्या दिवशी तिने तसाच ठेवला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. जयप्रकाश फोनजवळ बसायचा आणि ती आपल्यावर रागावली आहे ह्यातच कुठेतरी त्याला बरं वाटायचं. आता निदान ती त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखत होती. बुधवारी दुपारी फोन वाजला. समितीसमोर तिने सांगितलं होतं, डेरिकला पाचांतले दोनच शब्द आठवले. सांगितलं होतं की बेथने काय म्हटलं, आणि हेही, की बेथने म्हटलं तरी पेन माझ्या हातात होतं. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं, तुला कळतंय का तू स्वतःविरुद्ध बोलते आहेस? ती म्हणाली होती, हो सर. त्याच संध्याकाळी तिचा संघातला बिल्ला काढून घेतला. वसतिगृहाच्या दारावर कुणीतरी काळ्या अक्षरात लिहिलं, गद्दार. बेथ तिला जिन्यात भेटली, तेव्हा थांबली, काहीतरी बोलणार होती, आणि तशीच खाली निघून गेली. "ते सगळ्यात वाईट होतं, बाबा." काल ती दवाखान्यात डेरिकच्या आईकडे गेली होती. त्या बाईने सगळं ऐकून तिला दाराबाहेर काढलं; आणि ती लिफ्टपाशी पोचते तोच मागून येऊन म्हणाली, उद्या ये, त्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवंय, माझे डोळे दुखतात.

पुढे त्या संघाचं व्हायचं ते झालं. बेथने हंगाम संपताच नोकरी सोडली. कोच आणखी एक वर्ष राहिला आणि मानाने निरोप घेऊन गेला. जुईलीची पदवी सहा महिने लांबली. डेरिकचा हात पुष्कळसा सुधारला, खेळ मात्र कायमचा गेला. आता ठाणे शहरात राहणाऱ्या कर्णिकांना जयप्रकाशने फोन करून सांगितलं, की मी मुझफ्फरला खरं सांगितलं आणि लिहूनही देणार आहे. ते बराच वेळ खोकत राहिले आणि म्हणाले, "माझं नाव घाल त्यात. मी होतो ना तिथे." पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी फोन ठेवताना जुईली एवढंच म्हणाली होती, "मी अजून रागावलेय तुझ्यावर." आणि मग, "जेवलास का?"

शुक्रवारी पाच वाजता तो दुकानात गेला. शर्मिला बरोबर आली; तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती गाडीत येऊन बसली होती. मजीदने दार अर्धं ओढून घेतलं. अमिरुन्निसाने आकडे दाबले, पलीकडे घंटा वाजायला लागली तसा फोन जयप्रकाशच्या हातात दिला. "हॅलो? अम्मी?" कोवळा, पण ठाम आवाज. मागे कुणी भांडी लावत होतं.

"रिदा, मी जयप्रकाश गायधनी. तुझे वडील ज्या कंपनीत होते तिथला इंजिनियर. तुला एक सांगायचंय. तुझ्या वडिलांनी मास्क काढला नव्हता."

भांड्यांचा आवाज थांबला. "मग कुणी काढला?" रिदाने विचारलं.

"मास्क नव्हताच. आत वायू आहे का ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही, आणि बघितलं म्हणून सही केली. नंतर दोष त्यांच्यावर टाकला. त्यांची काही चूक नव्हती."

तो थांबला. माफ कर म्हणावं, तर अठरा वर्षांच्या मुलीवर तेही एक ओझंच. मग रिदा म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "अब्बांना द्या."

मुझफ्फरने फोन दोन्ही हातांनी धरला, तरी तो कानाशी हलत राहिला. शर्मिला पुढे झाली, आणि तिने आपला हात त्याच्या हातांखाली धरला. रिदा काय बोलत होती ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हतं. मुझफ्फर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची पाठ हळूहळू सरळ होत गेली, आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

"नाय बेटा," तो म्हणत होता, "नाय. मी नाय काढलेला."